पिवळी रेघ

१६ जानेवारी, मंगळवार

काकिनुमाकाकांची गाडी अखेर गॅरेजात आली. निळी, दोन दारांची, तीस वर्षांची. काका सहासष्ट. दोघंही चकचकीत पुसलेले.

काका बालवाडीची बस चालवतात. "आठवडाभर चाळीस पोरं आणि ताशी तीसचा वेग," म्हणाले. "उजवा पाय रविवारसाठी जपून ठेवतो. पण रविवारी ट्रॅकवर दाबला तर ही बया विचारच करत बसते. मी दाबल्याचं विसरून जातो, तेव्हा पळते!"

खरं आहे. आधीच्या मालकाने नुसता ताकदीचा हव्यास धरून भला थोरला टर्बो बसवलाय. त्याच्यात हवा भरेपर्यंत वळण संपतं. गॅरेजच्या मालकीण सुमिएबाईंनी एक चक्कर मारली आणि उतरताना म्हणाल्या, "ढेरी आहे नुसती. उतरवा." त्यांच्या वडिलांपासून हे गॅरेज गाड्यांत दम भरण्यासाठी ओळखलं जातं. बाई मोजकंच बोलतात, पण गाडीला काय दुखतंय ते त्यांच्यासारखं कुणाला कळत नाही.

ठरलं ते असं – मध्यम मापाचा, पटकन फिरणारा टर्बो. आखूड नळ्या. हवा गार करायला मोठा इंटरकूलर. शेवटी लॅपटॉपवर मॅपिंग, म्हणजे इंधनाचं नि हवेचं गणित जुळवणं, ते बाई स्वतः करणार. साडेतीनशे घोडे, आणि पाय टेकताच हजर! काम माझ्याकडे.

२३ जानेवारी, मंगळवार

जुना टर्बो उतरवला. काका बसची दुपारची फेरी संपवून रोज येतात, लांब उभे राहतात, कशाला हात लावत नाहीत. आज विचारलं, "ही रेघ कसली?"

सांगितलं – बोल्ट पान्याने मापात आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाच्या पेनाने एक रेघ. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. बाईंची पांढरी, माझी पिवळी. आधी आवळायचं, मग रेघ. रेघ दिसली की दुसऱ्याने पाना लावून बघायचा नाही. बाईसुद्धा बघत नाहीत. वीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही रेघेवर पाना ठेवलेला नाही.

हे सांगताना छाती जरा फुगलीच माझी. लिहायला हरकत नाही.

२७ जानेवारी, शनिवार

आकागी डोंगरावरून वारा सुटलाय, कोरडा, हाडं फोडणारा. शटर बंद करूनही बोटं वळेनात. टर्बो बसला. पाण्याच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, सगळं जागेवर. पेनातला रंग गोठला होता. पेन काखेत धरून गरम केलं. एकदा वाहायला लागलं तसं पुन्हा गोठायच्या आत सगळ्या बोल्टांवर एका दमात रेघा ओढून घेतल्या. तेवढ्यात बाईंनी हाक मारली, "उदोन निवतंय!" वाडगाभर शेवया खाऊन आलो, उरलेलं आवळलं, रेघा बघून एकेक तपासलं. संध्याकाळी इंजिन सुरू केलं. पहिल्या झटक्यात!

३० जानेवारी, मंगळवार

ताकद मोजायला रोलरवर चढवली. तीनशे बावन्न. बाईंनी मॅपिंग असं केलंय की इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांतच टर्बो जागा होतो. थोडा जळक्या तेलाचा वास आला. नव्या सामानाचा येतोच.

काकांना बसवून एक चक्कर मारून आणली. उतरले, बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "आता हिच्यात आणि माझ्यात मधे कुणी नाही."

४ फेब्रुवारी, रविवार

लिहायला बसवत नाही. तरी लिहितो.

ट्रॅकवर बत्तीस गाड्या. पहिल्या दोन फेऱ्यांतच काकांनी स्वतःची जुनी वेळ दोन सेकंदांनी मोडली. उतरले तेव्हा हेल्मेटमध्ये हसत होते. पुन्हा निघाले, आणि तिसऱ्या फेरीत मागच्या सरळ रस्त्यावर पांढरा धूर. काकांनी ताबडतोब गाडी बाहेर घेतली, गवतात उभी केली. पण तोवर दोनशे मीटर तेल सांडलं होतं. लाल झेंडे. चाळीस मिनिटं सगळा ट्रॅक बंद. लोक पावडर टाकून रस्ता पुसताहेत, बाकीचे घड्याळाकडे बघताहेत.

मी बॉनेट उघडलं. टर्बोला तेल नेणाऱ्या नळीचा बोल्ट – बोटांनी फिरला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी! रेघ तुटलेली. अर्धी बोल्टवर, अर्धी नळीवर. पिवळी.

तेव्हा आठवलं. पेन. काख. उदोन. तो बोल्ट मी हाताने बसवला होता, रेघ ओढली होती, आवळायचा राहिला होता. परत येऊन रेघ बघितली आणि माझ्याच रेघेवर विश्वास ठेवला.

काका मागे येऊन उभे राहिले. "माझं काही चुकलं का रे?"

हो म्हणण्याइतका मी वाईट नव्हतो, असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. मी म्हणालो, "तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना चुकून दुसरा गिअर पडला असेल. इंजिन मर्यादेबाहेर फिरलं की नवा टर्बो तेल सोडतो."

त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "असेल."

आणि माफी मागायला निघाले. तेल सांडणाऱ्याने प्रत्येक गाडीपाशी जाऊन वाकायचं, ही रीतच आहे. बत्तीसातली आपली सोडून एकतीस. एकतीस वेळा कमरेत वाकले. "माझ्यामुळे तुमचा दिवस वाया गेला." मी मागे मागे. मीही वाकत होतो. एका पोरगेल्या ड्रायव्हरने मला म्हटलं, "असा मेकॅनिक मिळायला नशीब लागतं."

५ फेब्रुवारी, सोमवार

गॅरेजला सुट्टी होती. तरी गेलो. बोल्ट आवळला. थिनरने रेघ पुसली, नवी ओढली. नंतर आठवलं की इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या काट्याला स्मरण असतं. जास्तीत जास्त कुठे गेला होता ते बटण दाबलं की दाखवतो. दाबलं. सात हजार चारशे. मर्यादा आठ हजार. काकांचा एकही गिअर चुकलेला नव्हता.

ते बटण तीन सेकंद दाबून धरलं की काटा सगळं विसरतो. धरलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी विचारलं, "काटा काय दाखवतोय?"

"बॅटरी काढली तेव्हा पुसलं गेलं."

"हं," म्हणाल्या. पाना हातात होता त्यांच्या. माझी पिवळी रेघ बघितली आणि पाना खाली ठेवला.

१० फेब्रुवारी, शनिवार

काका आले. सूट घालून. हातात मांजूचा, म्हणजे गोड पुरणाच्या बनांचा, खोका, चांगल्या दुकानातला, कागदात बांधलेला. माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरला आणि वाकले.

"एवढ्या मेहनतीने केलेलं काम मी मोडलं. माफ कर."

बाई बघत होत्या. घ्यावाच लागला. दुपारी चहाबरोबर सगळ्यांनी खाल्ले. मी दोन खाल्ले. नको म्हटलं असतं तर बाईंनी कारण विचारलं असतं, म्हणून दोन.

रात्री ओकलो. बायकोला सांगितलं, उदोन बाधलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

टर्बो दुरुस्त होऊन आला. गाडी अजून लिफ्टवर. काका म्हणाले, "जरा खाली घेतोस? बसून बघतो."

बंद गाडीत बसले. डोळे मिटून तिसरा, चौथा. तिसरा, चौथा. मी दुसऱ्या गाडीखाली पडून ऐकत होतो. क्लच, खट्. क्लच, खट्. शंभर तरी वेळा. एकदाही चुकला नाही हात.

उतरून म्हणाले, "आता आठवतंय मला. डावा पाय उशिरा आला होता. हो, उशिराच आला."

नव्हता आला. मी त्यांच्या डोक्यात घातलं आणि आता त्यांना ते आठवतंय!

२ मार्च, शनिवार

गाडी तयार. पुन्हा तीनशे बावन्न. बाईंनी फोन केला तर काका म्हणाले, विकून टाका. कुणा तरुणाला द्या. मला झेपत नाही.

बाईंनी फोन ठेवून लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, "एका गिअरसाठी?" मला नाही, स्वतःलाच.

८ मार्च, शुक्रवार

आज बालवाडीची बस दिसली. पिवळीधमक, पुढे सशाचे कान काढलेले. रस्ता मोकळा, तरी वीसच्या वर जाईना. मागे गाड्यांची रांग. सिग्नल हिरवा होऊनही काका दोन वेळा डावी-उजवीकडे बघत होते. काचेला नाक लावून बसलेल्या एका मुलीने मला हात केला.

संध्याकाळी काका गाडी विकायच्या कागदांवर सही करायला आले. बाईंना म्हणाले, "बसही सोडतोय. महिनाअखेरीला गाडी चालवायचा परवानाच सरकारला परत करणार. जो माणूस सरळ ट्रॅकवर गिअर चुकतो, त्याने पोरं न्यायची नसतात."

"एकदा परत केलात तर परत मिळत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या भावाने केला. आता हवा असेल तर शिकाऊ पोरांच्या रांगेत बसून पहिल्यापासून परीक्षा."

"हवा होणार नाही."

मी सामानाच्या कपाटात तोंड घालून उभा होतो. नको असलेला पाना शोधत.

१० मार्च, रविवार

ज्याने काही केलं नाही तो स्वतःला शिक्षा करतोय, आणि ज्याने केलं तो त्याचे मांजू खातोय. एवढं एक वाक्य लिहायला महिना लागला मला.

बाईंना कळलं तर काय, याची भीती होती इतके दिवस. हाकलतील. हाकलू देत. खरी भीती ती नाही. त्या माझी प्रत्येक रेघ पाना लावून तपासतील, आणि मी तिथेच उभा असेन. ती भीती आहे.

सांगायचं ठरवलं. महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे.

१२ मार्च, मंगळवार

आधी बाईंना सांगितलं. पेनापासून काट्यापर्यंत.  शेवटी माझ्या खिशातलं पिवळं पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकलं.

"मला कशाला सांगतोयस? माझा पाय गेलाय का?"

त्यांनी खण बंद केला.

"काकांकडे जा. आणि हात हलवत जाऊ नकोस."

१३ मार्च, बुधवार

मांजू घेतले. त्याच दुकानातले. खोका टेबलावर आहे. बायको म्हणाली, "कुणाकडे जायचंय?" म्हटलं, एका गिऱ्हाइकाकडे. उद्या जातो.

१४ मार्च, गुरुवार

एक घाईचं काम आलं, सायलेन्सरचं. बाई गावात नव्हत्या. उद्या नक्की.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी खोका घेऊन गेलो. काका घरीच होते. उंबऱ्याशीच गुडघे टेकून सगळं सांगितलं.  काकांनी विचारलं, "म्हणजे माझा पाय बरोबर होता?"

"हो."

"आणि हात?"

"हातही. काटा सात हजार चारशेवर होता. मी पुसला."

ते हसले. मी त्यांना असं हसताना हेल्मेटमध्येच पाहिलं होतं. मग पाकीट काढलं आणि परवाना माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या फोटोशेजारून आरपार भोक पाडलेलं, रद्द झाल्याची खूण.

"बसवर नवा ड्रायव्हर लवकर रुजू झाला," म्हणाले. "म्हटलं, महिनाअखेरीपर्यंत कशाला थांबायचं. काल दुपारी जाऊन आलो."

मग पुन्हा विचारलं, "पाय बरोबर होता ना रे?"