बेडकीला लावलेला हुक

प्रिय देवेश,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला आहे, त्याचा गैरफायदा घेऊ नकोस. फोन तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. जितेशची आई उद्या रसायनीला परत जाते आहे, तिच्या हाती देते. तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत ती समोरून हलणार नाही, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. मित्राच्या घरी लपून बसलास म्हणजे आत्यापासून सुटलास असं समजू नकोस.

मला एकच सांग, माझ्या गाडीकडे बघून तुला बैल आठवला तरी कसा? एवढीशी गाडी, दोन माणसं बसली की भरली, जमिनीला इतकी चिकटलेली की रस्त्यावरची कुत्री आत डोकावून बघतात. अख्ख्या कडाव गावाने तिचं नाव बेडकी ठेवलं. निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात आणि मी टप उघडणारी लाल स्पोर्ट्स कार घेतली, म्हणून तुझ्या वडिलांनी किती दिवस तोंड वाकडं केलं होतं! तिच्यासाठी मी रस्त्याकडेला गॅरेज बांधलं, स्वयंपाकघराच्या आधी तिथे फरशी बसवली. अशी ही गाडी तू सर्व्हिसिंगला म्हणून खोपोलीला नेलीस आणि मागे हुक जोडून आणलीस. ट्रॅक्टरला असतो तसला हुक! वर मला दिसू नये म्हणून गाडी भिंतीकडे पाठ करून लावायला लागलास. मी मूर्ख, मनात म्हणते, पोरगा रिव्हर्स घ्यायला शिकला वाटतं.

तीस वर्षं विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासले मी. माझ्याच घरात हे व्हावं? अरे, कंपनीने गाडी ज्या रूपात बनवली आणि आरटीओत जशी नोंदली गेली, तशीच ती रस्त्यावर चालवायची असते. तिच्यात असा बदल करायचा तर परवानगी लागते, आणि या गाडीला ती कुणी दिलीच नसती, कारण तिच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं आहे की हिने काहीही ओढायचं नाही. ट्रेलरलासुद्धा स्वतःची नोंदणी लागते, नंबरप्लेट लागते, मागे लाल दिवे लागतात. तुझ्या त्या घावणे विकायच्या ट्रेलरला मागे काय होतं? नुसती पाटी, ‘ऋतिकाचे गरमागरम घावणे’. पोलिसाने हात केला असता तर घावणा दाखवला असतास? आणि कुणाला धडक बसली असती तर विमा कंपनीने फाइल उघडून लगेच बंद केली असती. मी खुर्चीवर असते तर मीही बंद केली असती, भाचा असलास तरी.

कायदा राहू दे, तुझी अक्कल कुठे होती? ही गाडी हलकी, ट्रेलर तिच्याहून जड. चढावर ती धापा टाकणार आणि उतारावर ट्रेलर तिला मागून ढकलणार. हुकावर ओझं बसलं की पुढची चाकं हलकी होतात, मग स्टिअरिंग नुसतं हातात धरायला. ब्रेक लावले चार चाकांना, आणि ट्रेलरची दोन चाकं आपल्या मर्जीची. हे सगळं तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस, कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचास तू.

आणि तुझा तो वेल्डर धाऊ! काल गेले होते मी त्याच्याकडे. म्हणतो, “बाई, मी पोराला बोललो हुतो, खाली चासी नाय, नुसता पत्रा हाय. तर बोलला, तू लाव रं, घावण्याला काय वजन असतंय?” घावण्याला नसतं रे, पण गॅसच्या सिलिंडरला असतं, पाण्याच्या पिंपाला असतं, लोखंडी तव्याला असतं. पत्र्याला वेल्डिंग मारून त्यावर संसार टांगलास. बरं, ट्रेलरला जोडायची जादा साखळी? ती नव्हती. हुकाला काय होतं? लिंबू-मिरची. नारळ फोडला होता म्हणे, हळदीकुंकू वाहिलं होतं. साखळी आणायला विसरलास, पण लिंबू आठवणीने आणलंस! कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला शिव्या शिकवल्या नाहीत, याचं दुःख मला आयुष्यात पहिल्यांदा त्या लिंबाकडे बघून झालं.

इथवर मी नुसती गाडीवरून बोलले. आता जे बोलायचं आहे ते बोलते. चौकच्या रस्त्याला उतारावर तो हुक पत्र्यासकट उपटून आला आणि ट्रेलर बुधाजीच्या भातात गेला, तेव्हा आत ऋतिका बसलेली होती. मला वाटलं होतं ती तुझ्या शेजारी असेल. शेजारच्या सीटवर प्लेटांची खोकी होती आणि माझी भाचेसून मागे पत्र्याच्या डब्यात, कारण पीठ सांडू नये म्हणून कुणीतरी पातेलं धरायला हवं होतं! ती मला हे सांगताना हसत होती. “आत्या, पातेलं नाय सोडलं मी, अर्धं वाचलं.” मी तिच्या कोपराला हळद लावत होते आणि ती पिठाचा हिशोब सांगत होती. उजवीकडे चिखल होता म्हणून वाचली. डावीकडे किती खोल दरी आहे ते मी तुला सांगायला नको, तू त्या रस्त्याने रोज जातोस.

बुधाजी भला माणूस. एवढं भात आडवं झालं तरी आधी तिला बाहेर काढून बसवलं, पाणी दिलं, मग आपली बेडकी बघितली. मला म्हणाला, “बाय, ह्या एवढ्याशा पोरीला जू कोनी लावलं गं?” त्यानेच ट्रॅक्टर लावून ट्रेलर वर काढला आणि इथे आणून सोडला. अंगणात उभा होता. ऋतिकाने तो घासून लख्ख केला, आणि मग दिवसभर ती त्याच्याकडे बघत बसायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी फाटकाशी जाऊन बसायचे, तर तिथे दुसरा ताप. शनिवार-रविवार फार्महाउसवाल्यांच्या गाड्या आपल्याच दारात थांबतात. रस्ता विचारतात, आणि वर “आंटी, चाय मिलेगी?” परवा एकाने मला नाश्त्याला काय आहे म्हणून विचारलं. मी त्याला असं इंग्रजी ऐकवलं की त्याने काच वर घेतली.

तू ऋतिकाला निरोप ठेवलास, आत्याची गाडी नीट करून देईन तेव्हाच तोंड दाखवीन. आणि जितेशच्या ओळखीने सोमवारपासून केमिकलच्या कारखान्यात कंत्राटी लागतो आहेस. वा! ज्या हवेने तुला आधीची नोकरी सोडायला लावली, रात्रभर उशीवर उशी रचून खोकत बसायला लावलं, तिथेच परत? तेही कशासाठी, तर गाडीच्या मागच्या पत्र्यासाठी? डॉक्टरांनी तुझा एक्सरे खिडकीशी धरला होता तेव्हा शेजारी मी होते. तू घावण्यांचा धंदा काढतो म्हणालास तेव्हा सगळे हसले. मी हसले नव्हते, आठवतं का? मी विचारलं होतं, चटणी कसली. मग तिथून पुढे हुकापर्यंतचा सगळा प्रवास मला न विचारता कसा केलास? एकदा म्हणायचंस, आत्या, ट्रेलर बनवलाय पण ओढायला काही नाही. ओरडले असते. पण ओरडून झाल्यावर काय करते मी, हे तुला माहीत नाही का?

तेच केलं आहे. काल बेडकी गॅरेजमधून बाहेर काढली. फणसाखाली ताडपत्री टाकून उभी आहे, कावळे तिच्यावर करायचं ते करताहेत. गॅरेजचं शटर रस्त्याकडे उघडतं हे मला इतकी वर्षं दिसत होतं, कळलं काल. ट्रेलर आत बरोबर बसतो, मी टेपने मोजलं आणि मग ऋतिकाने आणि मी तो ढकलत नेला. चाकांखाली विटा लावल्या आहेत. आता तो कुठेही जाणार नाही आणि त्याला कुणी ओढायची गरज नाही, गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं आहे आणि मी त्याला हाकलत होते. पंचायतीत परवान्याची चौकशी केली आहे, सही तुझी लागणार. शनिवारी सकाळी तवा तापायला हवा, आणि पीठ एका हाताने वाटून होत नाही, तिचा कोपर अजून दुखतो आहे. सोमवारच्या नोकरीला नाही सांग आणि ये. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर मागच्या दाराने ये, पण ये. ते लिंबू मी टाकून दिलं आहे. नवीन आणू नकोस. येताना खोपोलीहून आग विझवायचा सिलिंडर आण.

तुझीच, ओरडायचं अजून थोडं शिल्लक ठेवलेली,
संध्याआत्या