उरलेले दोन स्क्रू

३ मार्च, मंगळवार
नवीन क्लीट आले. क्लीट म्हणजे सायकलच्या बुटाच्या तळाला लागतो तो प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा. पॅडलवर पाय दाबला की खट्कन अडकतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. जुने झिजून गुळगुळीत झालेत. (हे मी मलाच का समजावतोय? असो. म्हातारपणी उपयोगी पडेल.)
रविवारी लेकीबरोबर धरणापर्यंत राइड. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. सोमवारी ती नोकरीसाठी परगावी चालली. पुन्हा कधी जमेल कोण जाणे. लहानपणी तिच्या सायकलचं सीट धरून मीच धावलो होतो, तेव्हा ही राइडही थाटातच व्हायला हवी.
संकल्प: क्लीट आजच बसवणे.

४ मार्च, बुधवार
काल हवा बरोबर नव्हती.

५ मार्च, गुरुवार, सकाळी ७
ही शिवणकाम करते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला खडू लावायची हिला सवय. जुने काढायच्या आधी भोवती खूण करून घ्या म्हणाली. मी सांगितलं, नजर नावाची चीज असते. मग बूट निदान पुसून तरी देते म्हणून घेऊन गेली. पुसायला वीस मिनिटं! बायकांना वेळेची किंमत नाही.

सकाळी ८.४०
जुने निघाले. एका स्क्रूच्या खाचेत माती होती, ती उकरायला हिची सुई घेतली. तुटली. हल्ली सुया कच्च्या निघतात.
डाव्याला तिन्ही स्क्रू बसले. उजव्याला एक बसला, बाकीचे दोन तिरके जायला लागले. जबरदस्ती माझ्या स्वभावात नाही. डबीत ठेवून दिले.
लेकीने विचारलं, दोन उरले कसे? कंपनी जास्तीचे देते, असं सांगितलं. ती आईकडे बघून हसली. नोकरी लागली की मुलांना शिंगं फुटतात.

६ मार्च, शुक्रवार
पॅसेजमध्ये भिंतीला धरून सराव. डावा: खट्. उजवा: खट्, मग थोडी कुरकुर. नवीन वस्तू कुरकुरतेच, आम्हीही नवीन नोकरीत कुरकुरलो होतो. सोडवताना उजवी टाच जरा जास्तच वळवावी लागते. व्यायाम होतो.
डावा गुडघा दुखतोय. सीटचा दोष.

७ मार्च, शनिवार
सीट दोन सेंटिमीटर वर केलं. गुडघा तसाच. दोन सेंटिमीटर खाली केलं. सीटचा प्रश्न मिटला.
सायकलवाल्या मिस्त्रीला सहज फोन केला. घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला. पाच मिनिटांच्या कामाला मिस्त्री लागायला माझे हात काय खुंटीला टांगलेत?
साधे बूट घाल ना बाबा, आपल्याला गप्पाच तर मारायच्या आहेत, असं लेकीचं म्हणणं. तिला कळत नाही. तिकडे एकटीने राहायचंय तिला. बाप अजून भक्कम आहे हे डोळ्यांनी बघून जाऊ दे. धरणाच्या चढावर मी पुढे असणार.

८ मार्च, रविवार, सकाळी ११
धरण झालं नाही.
तिसऱ्या किलोमीटरला सिग्नल लाल झाला. मी उजवी टाच वळवली. बूट वळला, क्लीट नाही. आणखी वळवली. बूट आणखी वळला. मग मी सावकाश, अगदी सावकाश, उजवीकडे कलंडलो आणि भाजीवाल्याच्या कोबीच्या ढिगात पडलो. त्याने आधी कोबी उचलले, मग मला.
बूट पॅडलला सोडेना, म्हणून लेकीने पट्ट्या उघडून माझा पाय तेवढा बाहेर काढला. डावा बूट हातात, सायकल ढकलत, मोज्यांवर घरापर्यंत चालत आलो. तीही उतरून बरोबर चालली.
वाटेत म्हणाली, तिला भीती वाटते. नवीन गाव, कोणी ओळखीचं नाही, काम जमेल की नाही. आईलाही सांगितलं नव्हतं म्हणे. बापाकडे बघ, असं काहीतरी भक्कम बोलणार होतो. तिने खरंच बघितलं. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. दोघं रस्त्यातच हसत सुटलो. चढावर मी पुढे असतो तर हे बोलणं झालं नसतं. म्हणजे माझं नियोजन चुकलं, असं कोणी म्हणू शकणार नाही.

दुपारी ४
बूट पॅडलवरून मिस्त्रीने काढला. पाच मिनिटं.

९ मार्च, सोमवार
लेकीला गाडीत बसवून आलो. घर खायला उठलंय. तिच्या खोलीत उगाच दोनदा जाऊन आलो.
संध्याकाळी हिने शिवणाच्या टेबलावर बूट घेतले आणि खणातून कागदाचे दोन कापलेले तुकडे काढले. कापड बेतताना करते तसे बुटाच्या तळाचे नमुने. जुने क्लीट नेमके कुठे होते तिथे खिडकी कापलेली, वर डावा-उजवा लिहिलेलं. गुरुवारचं ‘पुसणं’ हेच. डाव्याचा क्लीटही बोटभर तिरका निघाला. डबीतले दोन स्क्रू घेतले, मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, सगळे सरळ बसले. बारा मिनिटं. मी बॅटरी धरली होती.
तेवढ्यात लेकीचा फोन आला. सुखरूप पोचली. खोली बरी आहे. क्लीटचं काय झालं, विचारलं. बसवले, एकदम पक्के, असं मी सांगितलं.
आईला फोन दे म्हणाली, तिला शाबासकी द्यायची आहे.