एका हाताचं सुतारकाम

मंगळवार, दुपार

प्रिय ठोक्या,

बासष्ट वर्षांच्या माणसाला या नावानं हाक मारू नये, हे मला कळतं. पण लहानपणी तू घरातली एकही खुर्ची की दार ठोकल्याशिवाय सोडलं नाहीस, आणि माझी सवय काही जात नाही. घरी सगळं ठीक आहे. मागच्या खोलीचा पत्रा गळत होता, तो बदलून घेतला. माझे गुडघे कुरकुरतात, पण कामाच्या आड येत नाहीत. आता मुद्द्यावर येते, नाहीतर म्हणशील, ताईचं नमनालाच घडाभर तेल. दोन महिन्यांपूर्वी तू लेकीकडून निरोप धाडलास, की मागच्या खोलीतली सगळी हत्यारं फर्निचरवाल्याला देऊन टाक आणि कामाची खोली मोकळी कर. मी ‘हो’ म्हणाले. त्यानंतर तिनं तीनदा फोन केला आणि तीनदा मी ‘चाललंय, चाललंय’ म्हणाले. ते खोटं होतं. तुझा एक खिळासुद्धा या घराबाहेर गेलेला नाही. रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे, पुढे वेळ मिळणार नाही.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मी देणारच होते. खोली उघडली, करवती पुसायला घेतल्या, आणि लेकीकडे निघालास त्या सकाळी दारात उभं राहून तू काय बोललास ते आठवलं. म्हणालास, “एका हातानं टाळी वाजत नाही ताई, सुतारकाम कुठलं व्हायला!” झटका आल्यापासून तू चालतोस, बोलतोस, डॉक्टरांशी हुज्जत घालतोस, फक्त उजव्या हातात पकड राहिली नाही. तेवढ्यावरून चाळीस वर्षांच्या कामाला कुलूप? अरे, ती म्हण भांडणाऱ्यांसाठी आहे, सुतारांसाठी नाही. माझं डोकं असं सणकलं, की करवत खाली ठेवली आणि म्हटलं, बघूच. हे तुझ्यावरच्या प्रेमापोटी केलं असं समजून उगाच भाव खाऊ नकोस. एखादं काम होत नाही असं कुणी न करताच सांगितलं, की मला सहन होत नाही.

आधी दोन हातांनी तरी शिकावं म्हणून तुझ्या कामाच्या टेबलाला एक खण करायला घेतला. कारखान्यात अडतीस वर्षं कापड कापलेली बाई मी. आधी कागदाचा नमुना काढला, मग तो लाकडावर ठेवून आखलं, मग कापलं. प्रत्येक कड अशी सरळ आली, की माझी मीच खूश! खण बसवायला गेले तर तो टेबलात शिरेचना. ढकलला, ठोकला, शिव्या घातल्या. मग लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. शिलाईसाठी अर्धा अर्धा इंच कापड सोडतात, तसं मी चारही बाजूंना लाकूड सोडलं होतं! कापड दुमडून आत घालता येतं, लाकूड कुठे दुमडायचं? हसून घे. समोरच्या नर्सबाई तर पायरीवर बसून हसल्या.

पण त्या फजितीतूनच मला वाट सापडली. कारखान्यात आम्ही प्रत्येक सदऱ्याला टेप लावत बसायचो का? एक नमुना नीट बनवायचा, मग हजार सदरे डोळे मिटून. मनात आलं, लाकडालाही असंच करावं. मापं घेण्याची, धरण्याची, सरळ रेषेत ठेवण्याची जबाबदारी हाताकडे ठेवायचीच कशाला? ती साच्यावर टाकावी. हाताला फक्त पुढे-मागे करायचं काम उरलं पाहिजे, आणि तेवढं एका हाताला नक्की जमतं. मग मी रुंद कापडी पट्टा घेतला आणि माझा उजवा हात कमरेशी करकचून बांधला. होय, बांधला. रोज सकाळी नऊ ते बारा. तुझ्याकडे डावा आहे, तर माझ्याकडेही डावाच हवा, नाहीतर ती लबाडी झाली असती. पहिला आठवडा नाक खाजवायला बांधलेला हातच वळवळायचा. नर्सबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की म्हातारीचा हात मोडला. दोघीजणी विचारपूस करायला आल्यासुद्धा.

पहिला साचा सगळ्यात अवघड गेला, कारण तो करायला हाताशी साचा नव्हता. लाकूड गुडघ्याखाली दाबून कापलं. प्लायच्या तुकड्यांचा एक लांबट खोका केला, त्यात करवत सरळ जाईल अशी खाच, टोकाला अडणी, आणि लाकूड आवळायला बाजूला पाचर. लाकूड अडणीपर्यंत सरकवायचं, पाचरीवर एक ठोका द्यायचा, आणि हात मोकळा. ऐकायला सोपं वाटतं ना? बारा दिवस गेले. पाचर दर दोन रेट्यांनी सुटायची आणि लाकूड माझ्या पायावर. तेराव्या दिवशी उमगलं, की पाचर उलट्या बाजूनं बसवली आहे. करवतीचा रेटाच तिला ढिली करतोय. ती फिरवली, आणि मग प्रत्येक रेट्याबरोबर ती आणखी घट्ट व्हायला लागली. त्या दिवशी कापलेला तुकडा तुझ्या काटकोनी गुण्याला लावला, दिव्यासमोर धरला, फटीतून उजेडाचा कणसुद्धा येईना. मी एकटीच खोलीत ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

मग मला धीर आला. पटाशीला एक हात धरायला आणि एक ठोकायला लागतो, म्हणून ठोकळ्यात तिच्या मापाची खाच पाडली; पटाशी त्यात आपल्या पायावर उभी राहते. रंधा टेबलात उलटा बसवला आणि लाकूडच त्याच्यावरून ढकललं. अंगठ्याचं थोडं सालटं निघालं, मग ढकलायला दांड्याची फळी केली. आणि आता जे लिहिते ते बसून वाच. माझ्या शिलाई मशीनचं पायडल मी काढलं. हो, तेच मशीन, ज्याला तू तेल घालायला आलास तरी मी हात लावू देत नव्हते. पायडल तुझ्या टेबलाखाली बसवलं, त्याला दोरी बांधली, ती टेबलाच्या भोकांतून वर काढून लाकडावरून फिरवली. पाय दाबला की लाकूड टेबलाला असं चिकटतं, की दोन माणसांनी धरून तसं राहणार नाही. पाय सोडला की मोकळं. ज्या पायानं मी आयुष्यभर शिवणं घातली, त्यालाही हे लगेच उमगलं. मशीन गेलं त्याचं वाईट वाटलं का? एक संध्याकाळ वाटलं.

गेल्या गुरुवारी फर्निचरवाला आपणहून टेम्पो घेऊन दारात. हत्यारं कधी देताय म्हणून. मी तेव्हा एका स्टुलाचा शेवटचा सांधा बसवत होते, हात बांधलेला, पाय पायडलवर. त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांबा. तो थांबला तो तासभर. स्टूल झालं तेव्हा त्यानं ते उचललं, उलटंसुलटं केलं, सपाटी तपासायच्या तुझ्या त्या जाड काचेवर ठेवून चारही कोपरे दाबले. डुगडुगलं नाही रे! एका कोपऱ्यानंसुद्धा दगा दिला नाही. त्यानं हत्यारांचं नाव काढलं नाही. विचारलं काय, तर हे साचे विकता का? त्याच्याकडे दोन दोन हातांची माणसं आहेत आणि त्यांचं काम असं चौरस येत नाही म्हणे. मी म्हटलं, विकायचं नाही, कारखाना चालू आहे, मालक परगावी गेलेत. तो गेल्यावर मी त्या स्टुलावर बसले, पट्टा सोडला आणि खूप रडले. जिंकल्यावर असं रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट कबूल करते. त्या स्टुलाचे पाय मी सात कापले, तेव्हा चार मिळाले. तीन उभे चिरले. कुठल्या फळीच्या पोटात काय आहे, ते मला कळत नाही. तू नखानं टिचकी मारून सांगायचास. त्याला मी साचा करून पाहिला नाही, कारण तो होणारच नाही. आणि तेव्हा मला समजलं, की आपण सगळे तुझा उजवा हात गेला म्हणून तुझं काम गेलं समजत होतो, आणि ते काम तर कधी त्या हातात नव्हतंच.

तर पत्र एवढ्यासाठी, की पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं मी तुला घ्यायला येते आहे. लेकीशी बोलले, ती बॅग भरणार आहे. तिला फैलावर घेऊ नकोस. सोमवारी नऊ वाजता तू पायडलवर पाय ठेवायचास, मी शेजारी फक्त फळ्या उचलून द्यायला. यायचं नसेल तर तसं कळव, मी जबरदस्ती करणार नाही, फर्निचरवाल्याला हत्यारं आणि साचे दोन्ही देऊन टाकीन. मात्र नकार फोनवर चालणार नाही, आणि लेकीकडून निरोपही नाही. कागद घे, पेन घे, आणि ‘येणार नाही’ असं डाव्या हातानं स्वतः लिहून पाठव.

तुझीच,
हट्टी ताई