चौथ्या भागातलं लग्न

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. ठमाआत्यास,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तुला बोलण्यात गुंडाळते अशी तुझी तक्रार, म्हणून तू बजावलंस तसं पत्रानेच विचारते. आमच्या कंपनीने ‘खाडीचा राखणदार’ या गेमचा चौथा भाग करायला घेतलाय. पहिला भाग तुझा भावेशदादा खेळायचा तेव्हा तू मागे उभी राहून वैतागायचीस, की हा दिसेल त्याला तलवारीने हाणतो, याला घरी कुणी जेवायला वाढत नाही का! दुसऱ्या भागात त्याला होडी मिळाली आणि माणसांशी बोलता यायला लागलं. मी नोकरीला लागले तो तिसरा. त्यात त्याला घर मिळालं आणि त्याच्या जोडीने लढणारी काशी आली.

आता चौथ्यात काशीची जादू गाण्यातून चालेल, राक्षस तिच्या सुराने हटतील. त्यासाठी मला तुझे धवले हवेत, तुझ्याच आवाजात. नाहीतर आमचे मिहिरसर कॉम्प्युटरने बनवलेला आवाज वापरतील. तुझ्यानंतर नारपोलीत लग्नाला धवले गाणारं कुणी उरणार नाही, हे तूच म्हणतेस ना? निदान इथे तरी राहतील.

उत्तर लवकर दे. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
रुचिका

---

नारपोली, १२ जानेवारी

चि. रुचिकास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

न्हाय म्हणजे न्हाय. धवला मांडवाबाहेर गायचा नसतो. आईने मला शिकवलं तेव्हा पहिली ताकीद हीच दिली होती. त्याने लग्न लागतं, त्याने राक्षस कसले मारतेस?

माझ्यामागे गाणारं कुणी नाही हे मात्र खरं, आणि ते मला फार लागतं. भावेशच्या पोरीला, ऋतिकाला शिकायला बसवलं, तर पोरीने दुसऱ्या कडव्याला जांभई दिली आणि हळदीला डीजे किती वाजता येणार ते विचारलं. तिला काय बोलणार? भावेश दिवसभर पडघ्याच्या गोडाऊनवर असतो. शेजारचे कापडाचे लूम खडखडतात, माझे गुडघेही त्यांना साथ देतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. नाही म्हटलं म्हणून फुगून बसू नकोस.

तुझी आत्या

---

पुणे, १८ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फुगले होते, दोन दिवस. मग सुचलं. धवला मांडवाबाहेर येत नसेल, तर आम्ही मांडवच गेममध्ये घालतो. शेवटच्या मोठ्या लढाईच्या जागी आता काशीचं आणि राखणदाराचं लग्न आहे. खोटं लग्न म्हणून नाक मुरडू नकोस. तुळशीच्या लग्नाला तू दरवर्षी धवले गातेस, तिथे नवरी झाडच असते की! मिहिरसरांनी डोक्याला हात लावला, पण हो म्हणाले.

आता तुझ्या मनात असेल ते कळव. नाही म्हणालीस तरी मी तुझीच.

रुचिका

---

नारपोली, २६ जानेवारी

चि. रुचिकास,
अनेक आशीर्वाद.

वकील व्हायची ती गेमवाली झालीस. तुळशीचं नाव काढलंस, आता गावंच लागेल.

पण माझं ऐकायचं. धवला पुरता वाजला पाहिजे, मध्ये कात्री नको. नवरीला मामा हवा. आणि नवऱ्या मुलाचं नाव काय? तीन भाग झाले, नुसतं राखणदार राखणदार. बिननावाच्या मुलाचं लग्न मी लावत नाही. त्याचं नाव नवशा ठेवा.

रेकॉर्डिंगला शुक्रवारी या, त्या दिवशी लूम बंद असतात. मिहिरला पण आण, आंबोळ्या करते.

सुखात राहा.
आत्या

---

पुणे, २० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा आवाज सगळ्यांनी डोक्यावर घेतलाय. मिहिरसर अजून आंबोळ्यांवरच बोलतात.

धवला पुरता ठेवलाय. तू गातेस तोवर खेळणाऱ्याने राक्षसांना मांडवापासून लांब ठेवायचं. एकाने जरी मांडवाला हात लावला, तर गाणं तुटतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. इथेच घोडं अडलंय. सगळे सारखे हरतात, आणि पुन्हा पुन्हा तेच गाणं ऐकून लोक कंटाळतील, म्हणून राक्षस सोपे करू असं सर म्हणतात. मला काही ठरवता येत नाही. गेम भावेशदादाकडे खेळून बघायला पाठवलाय, ऋतिका काय म्हणते ते सांग.

गुडघ्यांना तेल लावत जा, आणि मला आठवत जा.

तुझी,
रुचिका

---

नारपोली, २ एप्रिल

चि. रुचिकास,
आत्याचे आशीर्वाद, आज जरा जास्तच.

तुझा गेम आल्यापासून घरात दुसरं काही नाही. ऋतिका वरच्या खोलीत खेळते, हरते, चिडते, पुन्हा लावते. माझाच आवाज ऐकून मी विटले, म्हटलं या काशीचं लग्न एकदाचं लागू दे.

परवा मी खाली तांदूळ निवडत होते आणि लाइट गेली. शेजारचे लूम गप्प झाले, गेम बंद पडला, धवला मामाच्या कडव्यात अर्धा तुटला. धवला अर्धा राहू नये म्हणून पुढची ओळ घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वरून ऋतिकाने ती घेतली. सहज, स्वतःशीच. मी जिथे श्वास घेते तिथेच तिने घेतला. शेवटपर्यंत गायली गं पोरगी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी सूप बाजूला ठेवलं आणि रडले. लिहायला कसली लाज?

वैशाखात आपल्या भावकीतल्या कुणालचं लग्न आहे. ऋतिकाला म्हटलं, मांडवात माझ्या शेजारी बसायचं. ती म्हणाली, बसते, पण डीजे पण लावायचा. म्हटलं लाव बाई.

तू लग्नाला ये, रजेचं निमित्त सांगू नकोस. आणि मिहिरला माझा निरोप दे, राक्षस अजिबात सोपे करू नका म्हणावं.

तुमची सगळ्यांची,
ठमाआत्या