काकूंना दिसलेला बिटर्न

गुरुजी, त्या रविवारी मी सारसाचं घरटं पाहायला गेलेच नव्हते. हे तुम्हाला कळलं होतं, तुम्हाला कळलंय हे मला कळलं होतं, आणि तरी आपण दोघं त्यावर कधी एक अक्षर बोललो नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. आज सांता क्लारातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहायला घेतलं, कारण गेल्या आठवड्यात तीन दिवस मी ॲरिझोनाच्या वाळवंटात आणि तिथल्या पाणथळीत पक्षी पाहत हिंडत होते. हसाल तुम्ही. इथे पक्षी पाहायला गाइड लागते, व्हॅन लागते आणि सकाळचा नाश्ता प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत बांधून मिळतो. आपण दोन सायकली आणि रुमालातल्या गुळ-शेंगदाण्यांवर भागवायचो.

टूसॉन शहर मागे पडलं की वाळवंट सुरू होतं. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असं मी लहानपणी तुमच्याच भूगोलाच्या तासाला शिकले होते, पण इथे निवडुंगांचं जंगल आहे. ताडासारखे उंच निवडुंग, डोंगरउतारावर हजारोंनी, प्रत्येकाला दोन-तीन हात फुटलेले. पहाटेच्या त्या उजेडात काही खरंच वाटत नव्हतं. निवडुंगाच्या अंगाला सुतारपक्ष्यांनी पाडलेली भोकं, त्यातून बाहेर डोकावणारी चोच, आणि रस्त्यात रानडुकरांसारखी जनावरं पिल्लांसकट उभी, काटेरी पानं काकडीसारखी कराकरा चावत. रोडरनर नावाचा एक पक्षी व्हॅनपुढे पळत राहिला. कोकिळेच्या कुळातला आहे, पंख चांगले आहेत, पण उडायचा त्याला कंटाळा. मी तुमची जुनी दुर्बीण डोळ्यांना लावून बसले होते. नागपूरला इंजिनीअरिंगला निघाले तेव्हा तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि मी ती घेतली, आणि पुढे इतकी वर्षं ती कपाटाबाहेर काढायचा मला धीर झाला नाही. आमची गाइड, पांढऱ्या वेणीची उंच बाई, ती हातात घेऊन म्हणाली, ‘ही तर वीट आहे.’ मी म्हटलं, आमच्या गुरुजींची आहे.

व्हॅनमध्ये माझ्या शेजारी एक काकू होत्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून एकट्याच आलेल्या, निवृत्त डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या. आमच्या आठ जणांत आम्ही दोघीच मराठी, त्यामुळे तासाभरात त्यांनी पगाराचा आकडा सोडून माझं सगळं काढून घेतलं आणि स्वतःचंही सांगून टाकलं. त्यांचे डोळे चाललेत. समोरचं, मधलं दिसेनासं होतंय, कडेचं दिसतं. ‘मुलगा म्हणतो, आई, कार विकून टाक. अगं, कॅरीमध्ये कार नसेल तर दुधाच्या गॅलनसाठीसुद्धा कोणाच्या तरी तोंडाकडे बघत बसायचं. मी त्याला सांगून आलेय, ही ट्रिप होऊ दे. बिटर्न दिसला तर कार ठेवणार, नाही दिसला तर विकणार. डील इज अ डील.’ बिटर्न म्हणजे बगळ्याच्या कुळातला तपकिरी, रेघारेघांचा पक्षी. पाणथळीतल्या उंच गवतात चोच आभाळाकडे करून उभा राहतो आणि गवतच होऊन जातो. चांगल्या डोळ्यांनाही पटकन सापडत नाही. काकूंनी परीक्षा स्वतःच घेतली होती आणि पेपर अवघड काढला होता.

मला तुमचं रजिस्टर आठवत होतं. निळ्या पुठ्ठ्याचं, वर शाळेचा शिक्का, आत दर रविवारची नोंद. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, एवढा एकच नियम. आठवीत तुम्ही ते माझ्याकडे सोपवलंत. आमच्या वस्तीतल्या मुलीकडे शाळेचं रजिस्टर, यावर गावात दोन-चार जणांच्या भुवया वर गेल्या होत्या हे मला ठाऊक होतं. तुमच्या घरी मला घरातल्याच कपात चहा मिळायचा, ओसरीत बसून, तुमच्यासोबत. तुम्हाला ती गोष्ट मोठी वाटत नव्हती. मला वाटत होती.

मग तुम्हाला टायफॉइड झाला. खाटेवरून तुम्ही म्हणालात, ‘पोरी, या रविवारी तू एकटी जाऊन ये. धानाच्या शेतात, कॅनॉलजवळच्या बांधीत घरटं आहे, दोन अंडी आहेत. पाणी किती चढलं तेवढं पाहून ये.’ मी सायकल काढली, फाट्यापर्यंत गेले आणि तिथूनच वळले. संध्याकाळी रजिस्टरात लिहिलं, मादी अंड्यांवर बसलेली, नर बांधावर उभा, पाणी घरट्याच्या दोन वीत खाली. वेळही टाकली, सात चाळीस. नंतरच्या आयुष्यात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम धरलं, दुसऱ्यांच्या चुका शोधायचं, आणि आज सांगते, त्या नोंदीत संशयाला कुठे जागाच नव्हती. तुम्ही पडल्या पडल्या ती वाचलीत आणि म्हणालात, ‘वा.’

आठवड्यानं तुम्ही काठी टेकत स्वतः गेलात. कॅनॉलचं पाणी बांधीत शिरून घरटं बुडालं होतं, अंडी गेली होती. शेतकरी म्हणाला, पाणी तर आठ दिवसांपासून आहे गुरुजी, मागच्या शनिवारपासून, कोणी सांगितलं असतं तर बांध फोडून सोडून दिलं असतं. हे मला कसं कळलं? तुम्ही तसंच्या तसं लिहिलं होतंत, माझ्या नोंदीच्या खाली. रजिस्टर उघडं टेबलावर ठेवलंत, माझ्यासमोर, आणि चहा आणायला आत गेलात. मी वाचलं. तुम्ही चहा घेऊन आलात, माझा कप माझ्यापुढे सरकवलात, आणि वर्गातल्या फुटक्या खिडकीबद्दल बोलत राहिलात. माझी नोंद तुम्ही खोडली नाहीत. पुढच्या रविवारी मलाच पुन्हा पाठवलंत, दुसऱ्या तळ्यावर, एकटीला. मी गेले. दहावी होईपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. पण गुरुजी, तुम्ही एकदा ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुमचा राग मी रडून संपवला असता. तुमच्या चहाचं काय करायचं, ते मला आजवर उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाणथळीवर पोचलो. वाळवंटाच्या मधोमध एवढं पाणी पाहून माणसाला आपण झोपेत आहोत असं वाटतं. पिवळं गवत, त्यात आभाळाचे तुकडे पडल्यासारखी डबकी, आणि वाऱ्यासोबत कुठून तरी बदकांची कुजबुज. पक्षी पाहायला बांधलेल्या लाकडी आडोशाच्या शेवटच्या खिडकीत काकू आणि मी होतो, बाकीचे पलीकडे ससाणा बघत होते. मी सहज गवतावरून दुर्बीण फिरवली आणि गवताच्या एका काडीला डोळा होता. बिटर्न. मी घाईघाईत स्टँडवरची मोठी दुर्बीण त्याच्यावर लावली आणि काकूंना हात धरून तिथे आणलं. त्या उंचीनं लहान, स्टँड खाली करण्यात अर्धं मिनिट गेलं. तेवढ्यात त्यानं एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि पडदा ओढून घ्यावा तसा गवताआड गेला. काकूंनी डोळा लावला. बराच वेळ लावला. ‘ते तपकिरी, सरळ उभं... तोच ना गं?’ तिथे आता एक वाळलेलं खुंट होतं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘हो काकू.’

संध्याकाळी मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत यादी वाचायची, ही या सहलींची रीत. गाइड एकेक पक्ष्याचं नाव घेते, ज्यांनी पाहिला ते हो म्हणतात आणि आपापल्या छापील यादीवर खूण करतात. बिटर्नचं नाव आलं. काकू शाळेतल्या मुलीसारखा हात वर करून म्हणाल्या, ‘येस.’ गाइडनं माझ्याकडे पाहिलं, तुम्ही दोघींनी पाहिला? मी म्हटलं, दोघींनी. काकूंनी खूण केली आणि तिथूनच मुलाला फोन लावला, स्पीकरवर. ‘आय सॉ द बिटर्न. कार राहणार.’ तो म्हणाला, ‘दॅट्स ग्रेट, मॉम.’ त्याच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. मी मान खाली घालून चिप्सला सॅल्सा लावत बसले.

तिसऱ्या पहाटे करकोचे उठताना पाहायचे होते. सारसाची धाकटी भावंडं ती, राखाडी, कपाळावर लाल टिळा. हजारो. अंधार विरघळत असताना ते पाण्यात उभे, आणि त्यांचा तो आवाज, गुरुजी, तोच, शंख फुंकून मध्येच थांबवल्यासारखा. क्षणभर मी धानाच्या बांधावर आहे, पायाला चिखल आहे, तुम्ही पुढे चालताय आणि मागे न बघता हातानं थांब म्हणताय. मग सगळे एकदम उठले. आभाळ हललं. काकू हसत होत्या. ‘हे दिसतात गं मला. मोठं सगळं दिसतं.’ मला कॅरीतला एखादा चौक दिसला, आणि झेब्रा क्रॉसिंगवर काहीतरी लहान.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘तुम्ही डोळा लावलात तेव्हा बिटर्न निघून गेला होता. तुम्ही पाहिलंत ते खुंट होतं.’

पक्षी डोक्यावरून जात राहिले.

‘तुला कधी कळलं?’

‘तेव्हाच.’

‘आणि काल मी मुलाशी बोलत होते, तेव्हा तू सॅल्सा खात होतीस.’

‘हो.’

‘पेशंटशी मी असं वागले असते तर माझं लायसन्स गेलं असतं.’ त्या पाण्याकडेच बघत होत्या. ‘मग आज का सांगतेयस?’

मी तुमची गोष्ट सांगितली. रजिस्टर, दोन अंडी, चहा. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. नवऱ्यालाही ती माहीत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, ‘पण तू गेली का नाहीस?’

‘पाऊस होता, काकू. फार पाऊस होता.’

‘अगं मग चौदा वर्षांची पोर काय करणार,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा थोडा निवळला. मग पर्समधून ती यादी काढली, पेन्सिल काढली, आणि कागद तिरका धरून, डोळ्यांच्या कडेनं, खूप वेळ शोधलं. शेवटी दोन्ही माझ्या हातात दिलं. ‘बिटर्नची ओळ सापडत नाहीये मला. तूच खोड.’ मी खोडलं. विमानतळापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, ‘कार विकतेय मी. पण तुझ्यावर रागावलेय, हे लक्षात ठेव.’ मला ते ऐकून किती बरं वाटलं, तुम्हाला सांगता येणार नाही.

आज सकाळी त्यांचा मेसेज आला. कार गेली. खाली लिहिलं होतं, तुझ्या गुरुजींनीही माफच केलं असणार, पावसात लहान मुलीला कोण पाठवतं. मी दोन हात जोडलेला इमोजी पाठवला आणि तेव्हापासून हे लिहीत बसलेय.

पाऊस नव्हता, गुरुजी. कडक उघडीप होती, म्हणून तर कॅनॉलला पाणी सोडलं होतं. फाट्याजवळ मैत्रिणीकडे नवा रंगीत टीव्ही आला होता, ती दारातच उभी होती, ये म्हणाली आणि मी गेले. कुठला कार्यक्रम लागला होता तेसुद्धा आठवत नाही. तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही. काकूंचा नंबर आहे माझ्याकडे. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला, आणि दोन्ही वेळा ठेवून दिला.