चौदावा झरा

हाउन्सलो
बुधवार

प्रिय रेखा,

तू दिलेली तुळस अजून खिडकीत तग धरून आहे. सकाळी तिला पाणी घालताना तुझी आठवण येते, मग तुझ्यासाठीही देवाजवळ काहीतरी मागितलं जातं. हल्ली काय मागते ते शेवटी सांगते.

तुझी दिया झाली तेव्हा मी फेल्टमला गाडी बदलून ब्रॅकनेलला तुझ्याकडे यायचे, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. पुढे दर रविवारी तू माझ्याकडे यायला लागलीस आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुला मोहनच्या वहीची झेरॉक्स दिसली. माझा भाऊ सहा वर्षं दर अमावस्येला आमच्या ठाकरवाडीच्या डोंगरावरचे तेरा झरे मोजतोय. कळशी भरायला किती वेळ लागतो, एवढंच लिहितो. तीन खाणी, एक रिसॉर्ट, रुंद केलेला रस्ता. प्रत्येकाच्या रिपोर्टात नुकसान नगण्य. सगळ्यांनी मिळून काय केलं ते फक्त त्याच्या वहीत आहे. तीन मिनिटांत भरणारी कळशी आता अर्धा तास घेते. मी ते इंग्लिशमध्ये उतरवत होते, कारण आमच्यासारख्या आदिवासींनी स्वतः चालवलेल्या अशाच कामाला पैसे देणारा फंड इथे आहे, हे तूच सांगितलंस. तेवढं श्रेय तुझं.

मी चहा ठेवायला उठले आणि तू पानांचे फोटो काढलेस. मायक्रोवेव्हच्या काचेत दिसलं. तुला आवडतो तसा आलं घालून चहा दिला मी.

अर्जाचं विचारलं तर म्हणालीस, शैला, तू मॅट्रिक गं, हे टेक्निकल असतं, तुला नाही झेपायचं. आणि अर्ज तुझ्या कंपनीच्या नावाने गेला, मोहन त्यात लोकल हेल्पर. फंडवाल्यांच्या ऑनलाइन मीटिंगला दुभाषी म्हणून मलाच बसवलंस, म्हणून कळलं तरी. मोहनने विचारलं, ताई, रेखाबाई माझ्याबद्दल काय म्हणाल्या? मी म्हटलं, कौतुक करतायत. भावाशी तेवढं एकच खोटं बोलले.

मग तू चौदाव्या झऱ्याचं वर्णन केलंस. उंबराखालचा, बारमाही, मी स्वतः ओंजळीने पाणी प्यायलेय. फंडाच्या पॅनेलवरच्या बाई म्हणाल्या, मला तिथेच न्या.

रेखा, तो उंबर माझा आहे. फोटो काढलेस त्याच्या पुढच्या रविवारी मी माझ्या इंग्लिश प्रतीत नसलेल्या झऱ्याचं एक पान जादा लिहिलं आणि ती प्रत उघडी ठेवून चहाला उठले. आधी आमच्या वाघोबा देवापुढे दिवा लावून सांगितलं होतं, हिने चोरी केली नाही तर पान फाडून टाकीन. त्या खोट्या पानासाठी अकरा सोमवार धरलेत, सात झाले.

उद्या बाईंना घेऊन तू उडतेस. मोहन पायथ्याशी थांबेल, मूळ वही आणि मी भरलेला त्याच्या नावाचा अर्ज घेऊन. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, पाहून ठेवलंय. तेरा झरे तो दाखवेल, चौदावा तू दाखव. देवाजवळ मी रोज एवढंच मागते, की तिथवर पोचताना बाईंना तहान लागू दे.

हे फोनवर आजच सांगता आलं असतं. पण माझी काटकसर तुला माहीत आहे, सेकंड क्लासचा स्टॅम्प लावतेय. पत्र येईल तेव्हा तू डोंगरावर असशील. परतलीस की दारात पडलेलं मिळेल. हे कोणी केलं ते शोधत बसायला नको, म्हणून लिहिलं.

तुझीच, चहावाली
शैला