उद्घाटनाचा नारळ

१ मे १९७६, शनिवार
महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झालं, पोरांचे निकाल वाचले, सुट्टी लागली. परवा परभणीला शिक्षकांच्या शिबिरात दोन तास एकच विषय होता. देश पुढे नेणं हे एकट्या सरकारचं काम नव्हे, प्रत्येक नागरिकाने आपला वाटा उचलला पाहिजे. बाकीचे गुरुजी डुलक्या घेत होते. मी पाच पानं नोट्स काढल्या.

संकल्प: आमच्या गावापासून पोखर्णीच्या सडकेपर्यंतचा दीड मैल रस्ता पावसाच्या आधी श्रमदानातून करायचा. काळी माती आहे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो आणि चार महिने गाव तुटतं.

दुसरं कारण घरचं. बायकोला, मनकर्णाला, आठवा महिना लागला. दोन वर्षांखाली पहिल्या खेपेला भर पावसाळ्यात अवेळी कळा आल्या आणि गाडी मधल्या नाल्यात रुतली. मूल राहिलं नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. यंदा रस्ता होणार.

३ मे
वस्तीवरचा सिताराम भेटला. बहात्तरच्या दुष्काळात याने दोन वर्षं सडकेवर खडी फोडली, मुकादमाच्या हाताखाली माप घ्यायला शिकला. म्हणाला, गुरुजी, लय सोपं हाय. वीस माणसं, आठ दिवस. मुरूम टेकडीला फुकट पडलाय. फक्त नाल्यापासून सुरू करा, बाकीचं मागून झालं तरी चालतंय.

अनुभवी माणूस, पण दृष्टी मर्यादित. आधी संघटना पाहिजे, मग घमेलं. त्याला कमिटीत सल्लागार म्हणून घ्यायचं ठरवलं. नवं रजिस्टर आणलं, लाल कापडी बांधणीचं.

९ मे, रविवार
मारुतीच्या पारावर मीटिंग. हजर सत्तेचाळीस. मी पाऊण तास बोललो. नागरिकांचा वाटा, शिस्त, जपान वगैरे. टाळ्या पडल्या. कमिटी झाली. सेक्रेटरी मी, एकमताने. दुसरं कोणी लिहिणारं नव्हतं.

नंतर किरकोळ मुद्दा निघाला. उद्घाटनाचा नारळ कोणी फोडायचा. बन्सीधर पाटील म्हणाले, पोळ्याला पहिला बैल आमचा, होळीला पहिला पलिता आमचा, मग नारळ काय कुणाला विचारून फोडायचा का. सरपंच सूर्यभानराव म्हणाले, पोळा येगळा, सडक येगळी, हे पंचायतीचं काम हाय, मान सरपंचाचा. दोघंही बसून राहिले. दोन्ही आळ्यांची माणसं आपापल्या माणसामागे बसली. मी सांगितलं, यावर योग्य तो तोडगा सेक्रेटरी काढील.

सिताराम म्हणाला, न्हाई फोडला तर चालंना का. सगळे हसले.

१२ मे
पोखर्णीला गेलो. नरसिंहाचं दर्शन घेऊन तिथूनच नारळ घेतला. वजनदार, पाणी भरपूर. घरी देवाशेजारच्या फळीवर ठेवला. मनकर्णाने विचारलं, सडक कधी सुरू. म्हटलं, नारळ आलाय, म्हणजे झालीच समज.

१६ मे
तोडगा सापडला. मान कोणालाच नाही. परभणीहून मोठे साहेब बोलवायचे, नारळ त्यांच्या हातून. पाटील आणि सरपंच दोघांनाही पटलं, कारण दुसऱ्याला मिळत नाही. लोकशाहीत असंच चालतं.

१९ मे
परभणीला जाऊन आलो. साहेब दौऱ्यावर. क्लार्क भला माणूस. अर्ज तीन प्रतींत द्या म्हणाला.

२० मे
मनकर्णाचा भाऊ नागनाथ देवगाव फाट्याहून आला. बहिणीला माहेरी न्यायचं म्हणतो. त्यांचं घर सडकेवरच, एसटी दारात थांबते. मनकर्णाने गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. मला काही बोलली नव्हती.

मी दोघांना शांतपणे समजावलं. रस्ता ज्याच्या घरच्या दुःखातून निघाला, त्याचीच बायको रस्त्याची वाट न पाहता निघून गेली, तर गाव काय म्हणेल? गुरुजीलाच भरवसा नाही म्हणेल. सगळी चळवळ बसेल. नागनाथ म्हणाला, दाजी, चळवळीचं न्हाई, मला ताईचं पडलंय. म्हटलं, पंधरा दिवसांत सडक तयार होते, मग मीच बैलगाडीतून मिरवत आणून सोडतो. चहा घेऊन गेला. एकटाच.

मनकर्णाने गाठोडं सोडलं नाही. कोपऱ्यात तसंच ठेवलं.

२४ मे
साहेबांची तारीख मिळाली. ३० मे. पताका, लेझीम, स्वागतगीत यांची यादी केली. घमेल्यांची यादी राहिली.

२७ मे, सकाळी
धक्कादायक प्रकार. शाळेच्या मागच्या टेकाडावरून बघतो तर सिताराम आणि वस्तीवरची सहा माणसं नाल्यात मुरूम टाकायलेत. भल्या पहाटेपासून. नाल्याची एक बाजू जवळजवळ भरत आलेली. धावत गेलो. सांगितलं, बाबांनो, उद्घाटनाआधी काम म्हणजे बेशिस्त. साहेबांना काय दाखवायचं? पाटील आणि सरपंच म्हणतील, वस्तीवाल्यांनी आमच्या आधी हात घातला. उगाच बखेडा नको.

सिताराम बरं गुरुजी म्हणाला. घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि गेला. बाकीचे मागोमाग.

माणूस समजूतदार आहे. प्रोसिडिंगमध्ये त्याच्या उत्साहाची नोंद घेतली.

३० मे
साहेब आले नाहीत. निरोप आला, मीटिंग लागली. लेझीमची पोरं दुपारपर्यंत उन्हात उभी होती. शेवटी स्वागतगीत आपसातच म्हटलं. नवी तारीख ६ जून.

६ जून
साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी अजून चार्ज घेतला नाही.

७ जून
रात्रभर विचार करून कायमचा तोडगा काढला. दोन नारळ. पाटील आणि सरपंच एकाच क्षणी फोडतील. शाळेची घंटा वाजली की दोघांचे हात खाली. आज पारासमोर रंगीत तालीम घेतली. नारळ वाया कशाला घालवायचे, म्हणून दोघांच्या हातात ढेकळं दिली. पहिल्या वेळी पाटलांचा हात आधी खाली गेला. दुसऱ्या वेळी सरपंचांनी घंटेची वाटच बघितली नाही. तिसऱ्या वेळी दोघंही दुसऱ्याकडे बघत तसेच उभे राहिले, ढेकळं वर धरून, आणि घंटा वाजवून वाजवून माझा हात दुखला. चौथ्या वेळी सरपंचांचं ढेकूळ पाटलांच्या पायावर पडलं. तालीम तहकूब.

मनकर्णा दारातून बघत होती. घरात गेल्यावर म्हणाली, आता तरी नागनाथला कळवा. म्हटलं, इतकं जवळ आल्यावर?

११ जून
पाऊस. रस्त्याचं काम राहिलं. पाऊस यंदा वेळेवर आला. याचा प्लॅनमध्ये विचार केला नव्हता.

मनकर्णा म्हणाली, आजच्या आज नेऊन सोडा, अजून नुसती वल हाय, चिखल व्हायच्या आत गाडी निघंल. बन्सीधर पाटलांकडे गाडी मागायला निघालो. वाटेत वाटलं, आज त्यांची गाडी घेतली तर उद्या सरपंच म्हणतील सेक्रेटरी पाटलाच्या बाजूचा. परत आलो. सरपंचांकडे मागितली असती तरी तेच. दोन दिवसांत उघडेल.

१४ जून
उघडलं नाही.

१८ जून
नाला भरून वाहतोय. सिताराम आणि मंडळींनी टाकलेला मुरूम तेवढा टिकून आहे. एका बाजूने पाऊल ठेवता येतं. उरलेल्या बाजूचं एक दिवसाचं काम होतं, असं तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

मनकर्णा माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते.

२४ जून, परभणी, सरकारी दवाखाना
लिहितो, लिहिलं की बरं वाटतं.

पहाटे कळा सुरू झाल्या. कडूबाई सुईण आली. तपासून बाहेर आली आणि म्हणाली, लेकरू आडवं हाय, माझ्याच्यानं व्हत न्हाई, दवाखान्याला न्या, बसू नका. मी गाडी जुंपायला सांगितली. गाडी वेशीच्या बाहेर चार कासरे अंतरावर रुतली. बैल बसले. मला काही सुचेना. मी सारखं म्हणत होतो, थांबा, आधी ठरवू.

सिताराम कुठून आला माहीत नाही. त्याने बाज काढली, दोन्ही बाजूंना वासे बांधले, मनकर्णाला निजवलं, तिचं गाठोडं उशाशी ठेवलं, वर घोंगडी टाकली. चौघांनी उचलली. पुढे बन्सीधर पाटील आणि सिताराम, मागे सूर्यभानराव आणि त्यांचा सालगडी. कोण पुढे, कोण मागे, चर्चा झाली नाही. शंभर पावलांवर दुसरे चौघे यायचे. सगळा गाव चिखलात होता. मीटिंगला सत्तेचाळीस होते. आज मोजता आले नाहीत.

नाल्यात मुरमाच्या बाजूने नेली. पाणी छातीला लागलं तेव्हा बाज हातांवर घेऊन डोक्यापर्यंत उचलली. एकदा पाटलांचा पाय घसरला. वस्तीवरल्या दोघांनी त्यांना काखेत धरून उभं ठेवलं. मनकर्णा ओरडत होती. मी मागे होतो. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लाल रजिस्टर. घरातून निघताना का घेतलं, आठवत नाही. नाल्याच्या अलीकडे माझी चप्पल रुतली, ती काढायला वाकलो. काढेपर्यंत बाज सडकेला लागली, मालाचा एक ट्रक थांबला आणि तिला घेऊन गेला. मी पुढच्या एसटीने आलो.

मुलगी झाली. जिवंत आहे. मनकर्णा जिवंत आहे. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पुष्कळ रडलो.

२६ जून
आज मनकर्णा बोलली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट. रागावली नाही. फक्त विचारलं, बाजेचा कोणता पाय धरला होता तुमी? मी म्हटलं, मी छत्री धरली होती. ती म्हणाली, मी तर भिजत गेले. मग कुशीवर वळली, मुलीकडे.

ती छत्री रजिस्टरवर होती. हे तिला सांगितलं नाही.

४ जुलै, रविवार
दवाखान्यातून सोडलं. नागनाथ आला होता. त्याने मनकर्णाला आणि मुलीला थेट देवगाव फाट्याच्या एसटीत बसवलं. मी खिडकीशी उभा राहिलो. विचारलं, न्यायला कधी येऊ. तिने गाठोडं मांडीवर नीट ठेवलं. तेच गाठोडं, मे महिन्यातलं. म्हणाली, सडक झाली की या.

मुलीने माझ्याकडे बघितलं असं वाटलं. एवढ्या लहान मुलांना दिसत नाही म्हणतात.

५ जुलै, संध्याकाळी
सडकेपासून चालत घरी आलो. घरात पीठ नाही. शेजारी मागायला गेलो असतो, पण रस्त्याचं विचारतील. फळीवर नारळ होता. उंबऱ्यावर बसून दगडाने फोडला.

मान शेवटी मलाच मिळाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. पाणी आटून गेलेलं, खोबरं जरा खवट. खाल्लं.